भिंतीएवढा निळा

फोन वाजला तेव्हा रंगारी शिडीवर होता आणि भिंत अर्ध्यावर आली होती. दोन्ही हात रंगाने भरलेले, म्हणून घरमालकिणीनेच खुर्चीवरचा त्याचा फोन उचलला, कळ दाबली आणि हात उंच करून त्याच्या कानाशी धरला. तो थोडा वाकला. पलीकडे त्याच्या शेजारचा शिंपी होता. शिंपी एरवी ओरडूनच बोलायचा. आज त्याचा आवाज इतका खाली होता की पहिले शब्द कळलेच नाहीत.

"जोरात बोल की," रंगारी म्हणाला.

"बाई राहिल्या नाहीत रे. दारात दूध घ्यायला आल्या आणि तिथेच खाली बसल्या. डॉक्टरांना आणलं मी. उपयोग नाही झाला. तू ये."

"आलो."

घरमालकिणीने हात खाली घेतला. तिला पलीकडचे काही ऐकू गेले नव्हते. रंगाऱ्याने रोलर रंगात बुडवला, निथळला आणि जिथे सोडला होता तिथेच पुन्हा भिंतीला लावला. वरून खाली, खालून वर.

"महत्त्वाचं होतं का काही?"

"बायको वारली माझी," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एवढी कोपऱ्यापर्यंत नेतो आणि निघतो."

चादर टाकून झाकलेल्या सोफ्यावर ती मटकन बसली.

"अहो, राहू द्या ना! भिंतीचं काय एवढं!"

"कड ओली आहे. आत्ता सोडली तर जोड दिसेल."

त्याने भिंत कोपऱ्यापर्यंत नेली. खाली उतरला, डब्याचे झाकण बसवले, मागच्या नळावर रोलर धुतला. मग चपला घातल्या आणि गेला.

भिंत एकदा सुरू केली की कोपऱ्याशिवाय थांबायचे नाही, हे त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मधे सोडलेली कड वाळते आणि मग वर कितीही हात मारा, तिरप्या उजेडात जोड दिसतोच. रंगाऱ्याने जन्मात एकही भिंत मधे सोडली नव्हती. पण ही गोष्ट त्या घरातून शेजारच्या घरात गेली आणि तिथून सगळीकडे झाली. दगड आहे माणूस, असे लोक म्हणाले. त्याच्या कानावर आले तेव्हा त्याला राग आला नाही. त्या वेळी आपण नक्की कशाला धरून उभे होतो हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

त्या दिवसानंतर त्याने ब्रश हातात घेतला नाही. कामांचे फोन यायचे. तो "बघू" म्हणायचा.

थंडी ओसरायला लागली तेव्हा लेक रजा घेऊन आली. ती दुसऱ्या शहरात पोस्टात नोकरीला होती. आल्या आल्या तिने सगळे घर फिरून बघितले, आणि मागच्या खोलीच्या दारात थांबली. तीन भिंती पांढऱ्या होत्या. चौथी, पलंगासमोरची, पुट्टी लावून घासून तशीच ठेवलेली. कोपऱ्यात पुठ्ठ्याचे तुकडे उभे केले होते आणि प्रत्येकावर निळ्याचा एकेक हात मारलेला होता.

"ही भिंत अशीच का हो?"

"रंग जुळत नाहीये."

"तुम्हाला? रंग जुळत नाही?" ती हसली. "बाबा, दुसऱ्यांच्या पडद्यांना भिंती जुळवत आयुष्य गेलं तुमचं."

"पडदा हलत नाही. हा एका जागी बसत नाही."

मग तिला कळले की बाबा आईच्या आवडत्या निळ्या गळ्याच्या पक्ष्याबद्दल बोलत आहेत.

पक्ष्यांचे वेड बाईंचे. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे शहर तिला बाई म्हणायचे, आणि चारचौघांत रंगारीसुद्धा बाईच म्हणायचा. निवृत्त झाल्यावर ती तळ्याकाठच्या उद्यानात पक्षी बघणाऱ्यांच्या गटात जायला लागली आणि सुटीच्या दिवशी त्यालाही ओढून न्यायला लागली. गटात त्याला कोणी नावाने ओळखत नव्हते. तो 'बाईंचे मिस्टर' होता. गटाच्या पुढे एक दातांच्या डॉक्टरीणबाई असायच्या. तळ्यावर फळ्यांची एक लांब वाट होती. त्या वाटेवर पाय ठेवला की कोणी बोलायचे नाही, हा त्यांचा नियम. बोट दाखवायचे, मान हलवायची, बस्स. कोणी कुजबुजले तरी डॉक्टरीणबाई ओठांवर बोट ठेवून अशा बघायच्या की दात दुखत नसला तरी दुखायला लागावा.

नियम सगळ्यांना होता, एका रंगाऱ्याला सोडून. बायको त्याच्या शेजारी उभी राहायची, दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि त्याला कोपराने ढोसायची.

"सांगा."

"काय सांगू? तुझ्यासमोरच तर बसलाय."

"सांगा हो. रंग सांगा. मला जरा मास्तरकी करू द्या."

मग तो हळू आवाजात सांगायचा. त्याला नावे येत नव्हती, रंग येत होते. "पोट प्रायमरचं, एकच हात मारलेला. पाठ ओल्या सिमेंटची. डोळ्यावरून पांढरी पट्टी गेलीय, अगदी टेप लावून काढल्यासारखी सरळ. शेपटीखाली पिवळा, पण तो खिडकीच्या आत ठेवलेला पिवळा, उन्हात ठेवलेला नाही." ती ऐकायची आणि नाव सांगायची. कधी चुकत नसे.

"तू तर डोळे मिटूनसुद्धा ओळखशील," तो एकदा म्हणाला होता. त्यावर ती खूप हसली होती. विनोद तेवढा मोठा नव्हता.

बाकीचे गप्प उभे राहून ऐकायचे. डॉक्टरीणबाईंचे बोट ओठांवर जात नसे. बाईंच्या नवऱ्याला सवलत दिली आहे, असे रंगारी धरून चालला होता. त्याला त्यात थोडी गंमतही वाटायची.

त्या पक्ष्यांत एक होता, चिमणीएवढा, अंगाने मातकट, पण गळा निळा. पुस्तकात त्याचे दुसरे नाव होते. हे दोघे त्याला निळगळ्या म्हणायचे. थंडी संपून उत्तरेकडे परत जाताना तो काही दिवस तळ्यावर थांबायचा, पलीकडच्या लव्हाळ्यातून पळभर बाहेर यायचा, शेपटी उडवायचा आणि आत शिरायचा. मागच्या वर्षी याच दिवसांत ती म्हणाली होती,

"मागच्या खोलीत मला तो निळा पाहिजे. पलंगावरून समोर दिसते त्या भिंतीला."

"एवढा भडक? आणि तीन भिंती पांढऱ्या? खोली एवढीशी दिसेल."

"दिसू दे. इवलासा रंग आहे तो. भिंतीएवढा करा."

त्याने भिंत तयार केली आणि रंग जुळवायला बसला. निळा घेतला, त्यात काळ्याचे थेंब टाकले, मग जांभळ्याचे, मग पांढरा. पुठ्ठ्यावर हात मारला, वाळू दिला. प्रत्येक वेळी काहीतरी मेलेले दिसायचे. पक्षी पाण्यापलीकडे आणि तोही पळभर, घरी येईपर्यंत डोळ्यातला रंग उतरलेला असायचा. पुठ्ठे तिला दाखवले की ती ते खिडकीजवळ नेऊन मान तिरपी करून बघायची.

"तुम्हाला पटेल तेव्हा लावा. मला घाई नाही."

तेवढ्यात ऊन चढले, पक्षी निघून गेले, आणि भिंत पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षाच्या आत दूधवाला दारात आला.

आता पक्ष्यांचे दिवस परत आले होते आणि थोडेच उरले होते. या आठवड्यात निळगळ्या दिसला नाही तर पुन्हा वर्षभर नाही. रंगाऱ्याला हे माहीत होते. रोज पहाटे तो उठायचा, चहा करायचा, बूट घालायचा, आणि बूट घालून स्वयंपाकघरात बसून राहायचा.

"चला ना, मी येते बरोबर," लेक म्हणायची.

"तिच्याशिवाय तिथे जाऊन काय करू? मला नावं तरी येतात का?"

लेकीने चहाची पूड शोधताना मिठाची बरणी बाजूला सरकवली होती. त्याने ती उचलून पुन्हा चुलीच्या डाव्या अंगाला, भिंतीला लावून ठेवली.

"तिला जागेवरच लागते," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळले.

लेक नळाशी गेली. तिने दोघांचे कप धुतले आणि पालथे घातले.

आणि एका रात्री वारा फिरला. उत्तरेकडून आला, गार, आणि त्याबरोबर पाऊस. उजाडताना पाऊस थांबला, पण वारा तसाच होता. रंगारी बूट घालून बसला होता तेव्हा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या धापा टाकत होत्या.

"मिस्टर, असाल तसे निघा. उतरण झालीय."

हा शब्द त्याने बायकोच्या तोंडून ऐकला होता. हे छोटे पक्षी रात्री उडतात. अंधारात, उंचावरून, हजारोंनी, आणि खाली झोपलेल्यांना पत्ता नसतो. समोरून वारा आणि पाऊस आला तर त्यांना पुढे जाता येत नाही. मग खाली जे पहिले झाड दिसेल त्यावर सगळे एकदम उतरतात. असे कधीतरीच होते. बाई शेवटपर्यंत त्या सकाळची वाट बघत होती आणि तिला ती कधी मिळाली नव्हती. तिच्या वाटणीची सकाळ आज आली होती.

"बाबा, दुर्बीण?" लेकीने विचारले. त्याच्या दुर्बिणीत पावसाळी हवेने वाफ धरली होती. लेकीने खुंटीवरची आईची दुर्बीण काढली.

"तिला हात नको लावू. प्रत्येकाची आपापल्या डोळ्याला जुळवून ठेवलेली असते. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असं तिचंच म्हणणं."

"आता ती कुणाच्या डोळ्याला जुळवून ठेवायची, बाबा?"

त्याने ती लेकीच्या हातातून घेतली. दुर्बीण गळ्यात घातली.

उद्यानाच्या दारातच ते दोघे थांबले. तिकिटाच्या खिडकीत नेहमीचा माणूस होता, पण तो तिकिटे देत नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या हाताजवळ एक पिवळसर पक्षी बसला होता, आणि तो माणूस हात न हलवता बसून होता. त्याने डोळ्यांनीच त्यांना आत जायला सांगितले.

आत कुंपणाची तार पक्ष्यांनी भरली होती. बाकावर पक्षी, बाकाखाली पक्षी. वाटेवर इतके होते की बघून पाय टाकावा लागत होता, आणि ते उडत नव्हते, दोन पावले बाजूला होऊन पुन्हा उभे राहत होते. काठाच्या झाडांना अजून पालवी फुटायची होती. तरी ती झाडे भरलेली दिसत होती, आणि भरलेले सगळे हलत होते. रंगाऱ्याने आयुष्यभर रंग बघितले होते, पण ते डब्यातले आणि शेडकार्डावरचे, एकाखाली एक, नंबर टाकलेले. इथे कोणी नंबर टाकले नव्हते. पिवळे, विटकरी, राखी, पाठीवर हिरवट झाक असलेले, छातीवर ठिपके असलेले, सगळे एकाच रात्री एकाच आभाळातून पडले होते आणि एकालाही दुसऱ्याची फिकीर नव्हती. कुठलातरी दूरचा, पाण्यापलीकडचा, कायम अर्धवट दिसणारा लहान जीव आज हात लांब केला तर लागेल एवढ्यावर डोळे अर्धे मिटून श्वास घेत होता. त्यांच्या छात्या वरखाली होताना दिसत होत्या.

लेकीने त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"अरे देवा," ती म्हणाली. फळ्यांच्या वाटेवरून कोणीतरी वळून बघितले आणि ती ओशाळली.

गट वाटेच्या टोकाला उभा होता. कोणी बोट दाखवत नव्हते, कारण दाखवायचे कुठे? डॉक्टरीणबाईंच्या टोपीतून पाणी निथळत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. रंगारी त्यांच्यापासून थोडा लांब, कठड्याला टेकून उभा राहिला. बायको उभी राहायची तिथे त्याच्या डाव्या बाजूला जागा मोकळी राहिली. लेक उजवीकडे होती.

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाण्यापलीकडचे लव्हाळे बघितले. मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला साफ दिसले. उजव्याला नुसता धूर. उजव्या डोळ्याच्या नळीवर एक कडी असते, ती फिरवून तो डोळा जुळवायचा, हे तिनेच त्याला शिकवले होते. त्याने अंगठा कडीवर ठेवला. कडी फिरेना. त्याने दुर्बीण उलटी करून बघितली. कडी आधीच फिरवून फिरवून पार शेवटाला नेलेली होती. त्यापुढे फिरायला जागाच नव्हती.

पिशवीत घासून सरकली असेल, असे त्याला वाटले. पण ती तर खुंटीवर होती. आणि तिच्या दुर्बिणीला दुसरे कोणी हात लावत नव्हते. तिचा डावा डोळा लहानपणापासूनच नावापुरता, सगळा भार उजव्यावर. मग उजव्याचीच कडी अशी?

डॉक्टरीणबाई फळ्यांवरून पाय न वाजवता त्याच्याजवळ आल्या. त्यांनी आधी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. मग कुजबुजल्या,

"काय हो मिस्टर, आज गप्प?"

"नियम आहे ना."

"तुम्हाला कधी होता नियम?" त्यांनी नाक पुसले. "बोला की. आम्हाला सवय झालीय तुमची. गेली दोन वर्षं आम्ही अर्धे पक्षी तुमच्याच तोंडून बघितले. बाईंना दिसेनासं झाल्यावर तुम्ही ज्या पद्धतीने त्यांना एकेक रंग..."

त्या थांबल्या. रंगारी त्यांच्याकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं ना?" त्या म्हणाल्या.

त्याचा अंगठा अजून कडीवर होता.

"उजवा डोळा मधोमध गेला होता त्यांचा. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. मीच पाठवलं होतं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. इलाज नव्हता. मला म्हणाल्या, घरी माहीत आहे, विषय काढू नका, मिस्टर हळवे आहेत. आणि मग तुम्ही तर दर वेळी शेजारी उभे राहून... आम्हाला वाटलं, म्हणूनच."

"तुला?" रंगाऱ्याने लेकीकडे वळून विचारले.

तिने नाही म्हणून मान हलवली. "मी फोनवरच बोलायचे ना हो. फोनवर काय कळणार."

डॉक्टरीणबाईंना काय करावे कळेना. त्यांनी सवयीने ओठांवर बोट ठेवले, जणू स्वतःलाच गप्प केले.

रंगारी कठड्याकडे वळला. तारेवर एक पक्षी दुसऱ्याला लागून बसला होता, एकाच जातीचेही नव्हते ते. त्याला वर्तमानपत्र आठवले. "तुम्ही वाचा हो, तुमच्या आवाजात बातम्या जरा कमी वाईट वाटतात." सुईत दोरा ओवून मागायची ते आठवले. मिठाची बरणी आठवली. पुठ्ठा खिडकीशी नेऊन मान तिरपी करणे आठवले. रंगातला एक थेंब जास्त झाला तर ज्याला लांबून कळायचे, त्याच्या घरात हे घडत होते. पण या सकाळी त्याला स्वतःची लाज वाटायला जागा नव्हती. सगळी जागा पक्ष्यांनी घेतली होती. त्याला एवढेच वाटत राहिले की दोन वर्षे ती या वाटेवर आली, दुर्बीण डोळ्यांना लावून धुक्यात बघत उभी राहिली, आणि दर वेळी हसत घरी गेली. तिने पक्षी बघितले होते. त्याच्या प्रायमरचे आणि ओल्या सिमेंटचे पक्षी.

त्याने कडीवरून अंगठा काढला. दुर्बीण छातीवर सोडली.

"समोरच्या फांदीवर," तो हळू आवाजात म्हणाला, "पाच-सहा जण दाटीने बसलेत. पाठ शेवाळ्याची, पण वाळलेल्या. पंखावर एक पांढरी रेघ आहे, हात थरथरला असावा, थोडी वाकडी आहे. त्यांच्या खाली एक काळा-पांढरा. काळा चकचकीत नाही, चुन्यात काजळी कालवली तर होतो तसा. त्याच्या शेजारी एकट्याच बसलेल्याची छाती पिकलेल्या संत्र्याची आहे. भिजलाय. फुगून बसलाय."

वाटेवर कोणी हलले नाही. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण खाली केली. बघायला एवढे समोर असताना त्या ऐकत होत्या. तो सांगत राहिला. डाव्या बाजूने कोणी ढोसले नाही, पण त्याला थांबताही आले नाही, कारण एकदा सुरू केले होते.

मग फळ्यांच्या फटीजवळ, त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर, वाटेला लागून वाढलेल्या लव्हाळ्यातून एक मातकट पक्षी चालत बाहेर आला. दमलेला होता. शेपटी उडवायचेही त्याच्यात त्राण नव्हते. त्याने मान वर केली आणि गळा दिसला.

रंगाऱ्याला दुर्बिणीची गरज नव्हती. निळा त्याच्या पुठ्ठ्यावरचाच होता. दुसऱ्या की तिसऱ्या पुठ्ठ्यावर त्याने तो बरोबर काढला होता आणि मेलेला म्हणून टाकून दिला होता. निळ्यात काही कमी नव्हते. निळ्याच्या खाली काळ्याची एक बारीक रेघ होती आणि तिच्याखाली विटकरी पट्टा. त्या विटकरीमुळे निळा जिवंत होता. इतके दिवस तो नुसता निळाच जुळवत बसला होता. शेजारच्या रंगाकडे त्याने बघितलेच नव्हते.

तो बोलायचा थांबला होता.

"बाबा, हा कसा आहे?" लेकीने विचारले.

"तुझ्यासमोरच तर आहे. बघ की."

"तुम्ही सांगा."

त्याने बघितले. तिचे डोळे मिटलेले होते.

"इवलासा आहे," तो म्हणाला.

दुपारी वारा पडला. पक्षी झाडांत, गवतात, पाण्याच्या कडेला किडे टिपत राहिले, आणि संध्याकाळी आभाळ मोकळे झाल्यावर एकेक थवा वर चढून उत्तरेकडे गेला. गटातले सगळे शेवटपर्यंत थांबले होते. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने फाटक बंद करायची वेळ होऊन गेली तरी कोणाला हटकले नाही.

घरी आल्यावर रंगाऱ्याने टाकून दिलेला तो पुठ्ठा शोधून काढला. रंगात मिसळायच्या स्टेनरच्या बाटल्या काढल्या. कित्येक महिन्यांनी ब्रश हातात घेतला आणि निळ्याखाली एक काळी रेघ आणि एक विटकरी पट्टा ओढला. वाळल्यावर पुठ्ठा चौथ्या भिंतीला टेकवून ठेवला आणि पलंगावर बायको झोपायची त्या बाजूला जाऊन बसला.

लेक दारातून बघत होती.

त्याने डावा डोळा मिटला. हात लांब करून अंगठा उभा धरला, उजव्या डोळ्यासमोर अगदी मधोमध, आणि ती बघायची तसे समोर बघितले. अंगठ्यामागे पुठ्ठा पूर्ण झाकला गेला, नाहीसाच झाला. भिंत झाकली गेली नाही. अंगठ्याच्या या बाजूने आणि त्या बाजूने ती दिसतच होती. त्याने हात कितीतरी वेळ तसाच धरला.

"जुळला का हो रंग?" लेकीने विचारले.

"जुळला."

लेक कधीच परत गेली आहे. रंगारी आता लोकांच्या कामांवर जातो, आणि सुटीच्या दिवशी तळ्यावर. झाडे हिरवी झाली आहेत, पक्षी थोडेच उरले आहेत, आणि नियम असूनही गटातले लोक त्याला बोलायला लावतात. आईची दुर्बीण लेकीने नेली नाही. ती खुंटीवर आहे, कडी जिथे होती तिथेच.

मागच्या खोलीत निळ्याचा डबा तयार करून ठेवला आहे, विटकरीचा लहान डबा त्याच्या शेजारी. रोलर धुऊन वाळवला आहे. तो अधूनमधून झाकण उघडतो, काडीने रंग ढवळतो आणि पुन्हा बंद करतो. एकदा सुरू केली की कोपऱ्यापर्यंत थांबता येणार नाही.

भिंत रंगवायची राहिली आहे.